मारेगावला समुद्र लागतो

पोळा झाला की मारेगावच्या कृषी केंद्रांतली गर्दी बदलते. बियाण्याचे, खताचे दिवस सरलेले असतात. पऱ्हाटी कमरेला आलेली असते, पात्या धरू लागलेली असते. अळीसाठी काय मारायचं हे ठरलं की काउंटरवरचा माणूस जाता जाता आणखी एक वस्तू मागतो. टॉनिक. यादीत ती कधीच पहिली नसते, पण पिशवीत बहुतेक वेळा असतेच. दुकानदार मागच्या फळीवरून बाटली काढतो. आतला द्रव काळपट तपकिरी, झाकण उघडलं तर किंचित खारा, उग्र वास. लेबलवर निळ्या लाटा, आणि नावात कुठेतरी सागर, सी किंवा मरीन. पंपाला दोन-तीन झाकणं, एवढीच सूचना तोंडी मिळते. पैसे बहुधा उधारीच्या वहीत जातात.

बाटलीवरचं बारीक अक्षर वाचायची सवय कुणाला नाही. वाचलं तर दिसतं: समुद्री शैवालाचा अर्क. म्हणजे ज्या तालुक्यात निम्म्या लोकांनी समुद्र फक्त मुंबईला कुणाच्या ऑपरेशनला गेल्यावर पाहिला, तिथल्या कपाशीच्या पानावर दर पावसाळ्यात थोडा समुद्र शिंपडला जातो. मोठ्या प्रमाणावर, आणि गेली कित्येक वर्षं.

समुद्रशेतीवर लिहायचं तर मालवण, रत्नागिरी सोडून यवतमाळ जिल्ह्यातल्या तालुक्याच्या गावी का थांबायचं, असं कुणी विचारेल. माझं म्हणणं साधं आहे. समुद्रशेवाळाची शेती भारतात जगायची असेल तर तिचं गिऱ्हाईक किनाऱ्यावर नाही. जपानी माणूस शेवाळ खातो, कोरियन खातो. आपण खात नाही. खरवसाला पर्याय म्हणून पुडिंग करताना चायना ग्रास घालतो, टूथपेस्ट दाबतो, चॉकलेटचं दूध पितो. त्यात शेवाळातले घट्ट करणारे पदार्थ असतात, पण ते चिमटीभर. टनांनी शेवाळ घेणारा भारतीय कोण? तो शेतकरी. द्राक्षवाला, ऊसवाला, सोयाबीनवाला, कापूसवाला. रामेश्वरमजवळच्या पाण्यात कमरेपर्यंत उभी राहून दोरीला शेवाळाचे तुकडे बांधणारी बाई आणि मारेगावात पाठीवर पंप चढवणारा माणूस एकाच धंद्याची दोन टोकं आहेत. त्यांनी एकमेकांचं नावही ऐकलेलं नसतं.

समुद्र इथून लांब आहे, पण ज्या दिशेला आपण समजतो त्या दिशेला तो जास्त लांब आहे. नकाशावर पट्टी ठेवून पाहिलं तर मारेगावला मुंबईपेक्षा आंध्रचा किनारा जवळ पडतो. पाण्याला हे आधीपासून ठाऊक आहे. तालुक्याच्या कडेनं वाहणारी वर्धा पुढे पैनगंगेला घेते, मग वैनगंगेला मिळून प्राणहिता होते, सिरोंच्याजवळ गोदावरीत जाते आणि बंगालच्या उपसागरात रिकामी होते. मारेगावच्या वावरातून वाहून गेलेला युरिया अरबी समुद्राच्या वाटेला जातच नाही.

आणि फार मागे गेलं तर समुद्र इथेच होता. वणी-मुकुटबनचा जो चुनखडक आज सिमेंटसाठी फोडला जातो, तो पैनगंगा समूहाचा खडक उथळ आणि खोल समुद्राच्या तळाशी साचलेला आहे. वय शंभर कोटी वर्षांच्या घरात किंवा त्याहून जास्त. त्या काळी समुद्रात मासा नव्हता, शिंपला नव्हता. सूक्ष्म जंतू आणि शेवाळाच्या जातीचं जे काही होतं तेच. हे सांगून बाटलीचा खप वाढणार नाही, पण विक्री प्रतिनिधींना ही गोष्ट अजून सुचली नाही याचं मला आश्चर्य वाटतं.

भारतात या बाटल्यांसाठी वाढवतात त्या शेवाळाचं शास्त्रीय नाव कॅपाफायकस अल्वारेझी. मूळ फिलिपिन्सच्या बाजूचं. भावनगरच्या केंद्रीय मीठ व समुद्री रसायन संशोधन संस्थेनं १९८० च्या दशकात ते भारतात आणलं, आधी सौराष्ट्राच्या ओखा किनाऱ्यावर वाढवून पाहिलं आणि नंतर तामिळनाडूत मंडपमच्या बाजूला नेलं. २००० च्या सुमारास पेप्सिको कंपनीनं तिथल्या मच्छीमार गटांशी करारानं त्याची शेती सुरू केली. शीतपेयाची कंपनी शेवाळात कशी, याचं उत्तर कॅराजीनन. दुधाच्या पदार्थांपासून मांसाच्या डब्यांपर्यंत सगळ्यांना दाटपणा देणारा हा पदार्थ या शेवाळातून निघतो आणि जगभर विकतो. २००८ मध्ये पेप्सिकोनं हा धंदा सोडला आणि कंपनीतच अधिकारी राहिलेले अभिराम सेठ यांनी अ‍ॅक्वाग्री ही कंपनी काढून तो पुढे चालवला. पुढे इफ्को त्यात भागीदार झाली आणि 'सागरिका' या नावानं शेवाळाचा अर्क सहकारी सोसायट्यांच्या जाळ्यातून खेड्यापाड्यांत पोहोचला. आज अशा बाटल्या कितीतरी कंपन्यांच्या आहेत.

मधला एक टप्पा मात्र महत्त्वाचा आहे. त्याच्याशिवाय ही बाटली मारेगावला आलीच नसती. कॅराजीननसाठी शेवाळ वाळवून विकत. दहा किलो ओलं वाळवलं की एक किलो उरतं. बाकीचं सगळं, म्हणजे पेशीतला रस, वाळूत आणि उन्हात जाई. भावनगरच्या शास्त्रज्ञांनी प्रश्न उलटा केला: शेवाळ ताजं असतानाच पिळलं तर? रस वेगळा निघाला आणि चोथाही कॅराजीननला चालला. या पद्धतीचं अमेरिकी पेटंट २००५ मध्ये मिळालं. रसात पोटॅश भरपूर, शिवाय सायटोकायनिन, ऑक्झिन, जिबरेलिन ही पिकाच्या वाढीला ढोसणारी द्रव्यं सूक्ष्म प्रमाणात. जे वाळूत मुरत होतं ते बाटलीत आलं. एका पिकाचे दोन पैसे झाले.

आता त्या पिकाकडे जाऊ. रामनाथपुरम जिल्ह्यात, पाल्कच्या सामुद्रधुनीत, बांबूचा तराफा बारा फूट लांब, बारा फूट रुंद असतो. त्यावर दोऱ्या ताणलेल्या. प्रत्येक दोरीला ठरावीक अंतरावर शेवाळाचे गुच्छ बांधायचे, एकेक शंभर-दीडशे ग्रॅमचा. तराफ्याला साठ किलोच्या आसपास बेणं लागतं. खालून जाळं लावतात, कारण शेवाळ खाणारे मासे वाटच पाहत असतात. मग तराफा नांगरून पाण्यावर सोडायचा. पंचेचाळीस दिवसांत त्याच तराफ्यावर अडीचशे किलोंच्या जवळपास शेवाळ होतं. निंदणी नाही, खत नाही, ओलित नाही. त्यातून एक सुरेख व्यवस्था बसली: माणशी पंचेचाळीस तराफे. रोज एक काढायचा, रोज एक सोडायचा. काढलेल्यातलं थोडं बेणं म्हणून पुन्हा बांधायचं. आपल्याकडे कापसाचा पैसा वर्षात एका हंगामाला येतो. तिथे हवामानानं साथ दिली तर रोजच्या रोज वेचणी.

हवामान नेहमी साथ देत नाही. हे सगळं पीक कलमी आहे. बी नाही, फूल नाही, तुकड्यापासून तुकडा. देशभरचं कॅपाफायकस मूठभर बेण्याचीच लेकरं. एकाला जे सोसत नाही ते कुणालाच सोसत नाही. पाणी तापलं की फांद्या पांढऱ्या पडतात, गळून जातात. या रोगाला जगभर 'आईस-आईस' म्हणतात. २०१३ नंतर समुद्र तापत गेला तसं तामिळनाडूचं उत्पादन कोसळलं आणि पुष्कळ बायका तराफे सोडून पुन्हा मजुरीला गेल्या. एकाच वाणावर जिल्हाच्या जिल्हा पेरून बसलेल्या, आणि २०१७ मध्ये गुलाबी बोंडअळीनं झोडपलेल्या कापूसपट्ट्यातल्या माणसाला हे समजावून सांगायची गरज पडू नये.

परकी जात आणण्याचा दुसरा भुर्दंडही आहे. मन्नारच्या आखातात कुरुसडाई बेटाजवळच्या प्रवाळांवर हेच शेवाळ चढलं, प्रवाळ झाकून टाकू लागलं, असं २००८ मध्ये शास्त्रज्ञांनी नोंदवलं. तामिळनाडू सरकारनं त्याआधीच, २००५ मध्ये, लागवड कुठे करायची यावर मर्यादा घातली होती. शेवाळशेतीच्या रंगीत पुस्तिकांमध्ये प्रवाळांचा हा किस्सा सहसा नसतो. तो असायला हवा. रत्नागिरी-सिंधुदुर्गात उद्या कुणी हेच बेणं घेऊन आलं तर विचारण्याचा पहिला प्रश्न तोच आहे. मालवणलाही प्रवाळ आहेत.

तराफ्याच्याही आधीपासून त्या भागात शेवाळ गोळा करणाऱ्या बायका आहेत. पांबनच्या चिन्नपालममधल्या लक्ष्मी मूर्ती त्यांच्यापैकी एक. त्या लहानपणापासून बेटांभोवती बुडी मारून खडकावरचं रानटी शेवाळ काढत आलेल्या. बोटांना कापडाच्या चिंध्या गुंडाळून, डोळ्यांना साधा चष्मा लावून. १९८६ मध्ये मन्नारच्या आखातातली एकवीस बेटं राष्ट्रीय उद्यान झाली आणि पुढे वनखात्यानं कडक अंमल सुरू केल्यावर या बायका स्वतःच्याच पाण्यात चोर ठरल्या. त्यांनी मोर्चे काढले, पण त्याबरोबर आणखी एक केलं: स्वतःवर नियम घालून घेतले. महिन्यातले बाराच दिवस काढायचं. उन्हाळ्यात वाढीच्या वेळी समुद्राला पूर्ण विसावा द्यायचा. २०१५ मध्ये लक्ष्मी मूर्तींना अमेरिकेतल्या सीकॉलॉजी संस्थेचा पुरस्कार मिळाला. तेव्हा जगाला कळलं की शेवाळ राखण्याचं शास्त्र कुठल्याही कार्यशाळेशिवाय तयार झालं होतं.

आपल्याकडे हे का नाही? शाळेत घोकलेला ७२० किलोमीटरचा किनारा महाराष्ट्राला आहे. शेवाळही आहे. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या अरविंद उंटवाले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चाळीस वर्षांपूर्वीच कोकणकिनारा खडकाखडकानं पाहून शेवाळांची मोजदाद केली होती. रत्नागिरीत सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्र १९५८ पासून आहे. मत्स्यविज्ञानाचा समावेश असलेलं महाराष्ट्राचं विद्यापीठ तर चक्क नागपूरला आहे, म्हणजे समुद्रापासून राज्यात जितकं दूर जाता येईल जवळजवळ तितकं. चेष्टा करायला हे सोपं आहे, पण तळी आणि धरणं विदर्भात आहेत, आणि त्यावर जगणारे भोई-ढीवरही इथेच आहेत.

कोकणात अडचण ज्ञानाची नाही, पावसाची आहे. पाल्कची सामुद्रधुनी श्रीलंकेच्या आडोशाला, उथळ, शांत. कोकणाचा समुद्र जूनमध्ये उसळतो तो ऑगस्टपर्यंत कुणाला जुमानत नाही. होड्या वर ओढून ठेवतात, १ जून ते ३१ जुलै सरकारी मासेमारीबंदी असते. बांबूचा तराफा त्या लाटांत दोन दिवस टिकणार नाही. आडोशाला खाडीत न्यावा, तर पावसात खाडी गोडी होते आणि कॅपाफायकसला गोडं पाणी सोसत नाही. म्हणजे नोव्हेंबर ते मे एवढाच हंगाम, आणि दर पावसाळ्यात बेणं जिवंत ठेवायचं कुठे हा प्रश्न. शेतकऱ्याला बियाण्यासाठी दरवर्षी परराज्यात हात पसरावा लागेल. मारेगावला हे अनुभवानं माहीत आहे.

गंमत अशी की कोकणाच्या खडकांवर नेमकं पावसाळ्यातच उगवणारं एक शेवाळ आहे. पॉर्फिरा व्हिएतनामेन्सिस. पहिला पाऊस पडून समुद्र खवळला की मालवण, रत्नागिरी, गोव्याच्या खडकांवर त्याचे जांभळट पापुद्रे दिसू लागतात आणि पावसाबरोबर संपतात. हे जपानी 'नोरी'चं सख्खं भावंड. जगातलं सर्वांत महाग खाल्लं जाणारं शेवाळ याच कुळातलं. नोरीची शेती जपानात शतकानुशतकं चालली, पण बीज कुठून येतं हे कुणालाच ठाऊक नव्हतं. दुसऱ्या महायुद्धानंतर पीक बुडालं तेव्हा कोळी हताश झाले. उत्तर मिळालं मँचेस्टरमध्ये. कॅथलीन ड्र्यू-बेकर या संशोधिकेनं १९४९ मध्ये दाखवून दिलं की हे शेवाळ उन्हाळ्यात नाहीसं होत नाही. शिंपल्याच्या कवचात शिरून, सूक्ष्म गुलाबी धाग्यांच्या रूपात दडून बसतं. त्या कधीही जपानला गेल्या नाहीत. तिथे आज त्यांचं स्मारक आहे आणि दरवर्षी एप्रिलमध्ये त्यांचा उत्सव होतो. नोरीची आधुनिक शेती तेव्हापासून रिकाम्या कालवांच्या शिंपल्यांवर उभी आहे.

रिकामे शिंपले कोकणाकडे हवे तितके आहेत. सिंधुदुर्गात समुद्रशेती म्हणून जे खरोखर रुजलं ते कालवं, शिणाणे आणि खेकडे. संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमानं २०१२ च्या आसपास सिंधुदुर्ग किनाऱ्यावर जैवविविधतेचा एक प्रकल्प सुरू केला, त्यातून बायकांचे गट कालवं-शिणाण्यांकडे वळले. पुढे राज्याच्या कांदळवन कक्षानं आणि कांदळवन प्रतिष्ठाननं ते काम हाती घेतलं. २०१७ च्या योजनेत सामूहिक प्रकल्पाला ९० टक्के पैसे सरकारचे, १० टक्के गटाचे.

कालवाची शेती बघायला भरती चालत नाही, सुकतीच्या वेळी जावं लागतं. खाडीच्या चिखलात बांबू रोवून मांडव केलेला. त्यावरून दोऱ्या सोडलेल्या, आणि दोरीत भोकं पाडलेले जुने शिंपले माळेसारखे ओवलेले. कालवाची पिल्लं पाण्यात तरंगत असतात; बसायला कठीण जागा मिळाली की आयुष्यभरासाठी तिथेच चिकटतात. म्हणून शिंपले. पाणी उतरलं की माळा उघड्या पडतात. त्यांवर गाळ, खुबे, हिरवं शेवाळ साचलेलं असतं. बायका गुडघाभर चिखलात उभ्या राहून एकेक माळ खरवडतात, कारण साफ केलं नाही तर कालवाला श्वास घेता येत नाही. हात कापतात, कालवाची धार कोयत्यासारखी नसते, वाकडीतिकडी असते, म्हणून जखम लवकर भरत नाही. विकण्याजोगं कालव व्हायला वर्ष-दीड वर्ष लागतं. एवढं करून बाजार? गावात कालवं खाणारे पुष्कळ, पण ते ओहोटीला खडकावरची फुकट आणतात. पैसे देणारं गिऱ्हाईक गोव्यातल्या हॉटेलात. त्याला कालव जिवंत हवं, स्वच्छ पाण्यात ठेवून गाळ ओकवलेलं हवं, आणि वेळेवर हवं. खेकड्यांचंही तसंच. चिखली खेकड्याची भारतातली पहिली उबवणी तामिळनाडूत, राजीव गांधी मत्स्यसंवर्धन केंद्रात झाली. सिंधुदुर्गातल्या गटांचे खेकडेही बरीच वर्षं तिथूनच पिल्लं होऊन येत. वेंगुर्ल्याच्या 'स्वामिनी' गटानं तर वेगळाच रस्ता धरला: मांडवी खाडीत होडी वल्हवून पर्यटकांना कांदळवन दाखवायचं. त्यांचं बरं चाललं. पण कालवं, शिणाणे आणि खेकडे या तीनही उद्योगांत मला एक गोष्ट सारखी दिसते. पिकवणं जमतं; गाडं गिऱ्हाइकापाशी अडतं.

केंद्र सरकारनं २०२० मध्ये प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजना आणली, २०,०५० कोटींची. त्यातले ६४० कोटी समुद्रशेवाळासाठी. उद्दिष्ट: २०२५ पर्यंत ११ लाख २० हजार टन. रामनाथपुरममध्ये १२७ कोटींचं शेवाळ उद्यान मंजूर झालं. केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेनं देशभरात २४ हजार हेक्टरांच्या आसपास योग्य जागा शोधून दिल्या. २०२५ आलं. देशाचं उत्पादन त्या आकड्याच्या जवळपासही पोहोचलं नाही, आणि जे आहे त्यातलं बरंचसं अजूनही खडकावरून ओरबाडलेलं रानटी शेवाळ आहे. जगात वर्षाला साडेतीन कोटी टनांहून जास्त ओलं शेवाळ निघतं आणि त्यातलं ९७ टक्के शेतीचं. चीन, इंडोनेशिया, कोरिया, फिलिपिन्स यांचंच राज्य. तिथे ते लोक खातात तरी, किंवा त्यांचे कारखाने तरी विकत घेतात. आपल्या योजनेत तराफ्याला अनुदान आहे, बेण्याला आहे, प्रशिक्षणाला आहे. अकरा लाख टन घेणार कोण, या रकान्यात घुटमळायला होतं. घेणारा एकच मोठा दिसतो, आणि तो पोळ्यानंतर मारेगावच्या काउंटरवर उभा असतो.

त्याला काय मिळतं? इथे जरा सावकाश जायला हवं.

शेवाळाच्या रसाचा पिकाला उपयोग होतो, याचे प्रयोग आहेत आणि ते नीट केलेले आहेत. भावनगरच्या संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी २००६ च्या पावसाळ्यात कोरडवाहू सोयाबीनवर कॅपाफायकसचा रस दोनदा फवारला. वेगवेगळ्या तीव्रतेचा: अडीच टक्के, पाच टक्के, असं करत पंधरा टक्क्यांपर्यंत. पंधरा टक्क्यांच्या वाफ्यात उत्पादन न फवारलेल्यापेक्षा ५७ टक्क्यांनी वाढलं. हा निकाल २००९ मध्ये प्रसिद्ध झाला आणि तेव्हापासून शेवाळाच्या बाजूनं बोलणारे त्याचा दाखला देतात.

आता पंधरा टक्के म्हणजे काय ते पाहा. एका लिटर फवाऱ्यात दीडशे मिली रस. एकराला दोनशे लिटर पाणी धरलं तर एका फवारणीला तीस लिटर रस. मारेगावच्या पाच एकरवाल्याला दोन फवारण्यांसाठी तीनशे लिटर. म्हणजे तेलाचं दीड पिंप, आणि तो रामेश्वरमहून आणायचा. कुणीच आणणार नाही. म्हणून रस आटवून घट्ट करतात, आणि बाटलीवरचा डोस लिटरला दोन-अडीच मिली असतो. म्हणजे पाव टक्का. अर्क आटवलेला असल्यामुळे मिलीशी मिली लावून तुलना करणं चूक ठरेल हे खरं. पण पंधरा टक्क्यांचा निकाल तोंडानं सांगायचा आणि पाव टक्क्याचं झाकण हातात द्यायचं, हाही हिशेब बरोबर नाही. मधल्या आटण्यात किती द्रव्य टिकलं, हे प्रत्येक कंपनीनं दाखवायचं असतं.

दाखवायला कुणी सांगतच नव्हतं. खत म्हणावं तर खताच्या व्याख्येत बसत नाही, कीटकनाशक तर नाहीच. त्यामुळे टॉनिकांना वर्षानुवर्षं ना परवाना ना तपासणी. २३ फेब्रुवारी २०२१ ला खत नियंत्रण आदेशात दुरुस्ती होऊन 'जैव-उत्तेजक' हा वर्ग आला. समुद्री शैवालाचे अर्क त्यात पहिल्याच गटात. तरी तात्पुरत्या नोंदणीवर माल विकायची मुभा वाढत वाढत गेली, ती १६ जून २०२५ ला संपली. जुलै २०२५ मध्ये केंद्रीय कृषिमंत्री शिवराजसिंह चौहान यांनी जे आकडे सांगितले ते दुकानाच्या फळ्या आठवून ऐकावेत: एके काळी तीस हजार उत्पादनं तपासणीविना विकली जात होती, गेली चार वर्षं आठ हजार होती, आणि आता नियम लावल्यावर साडेसहाशेच्या आसपास उरली. बाद झालेल्या बाटल्यांत काय होतं, हे त्या ज्यांच्या कपाशीवर पडल्या त्यांना कुणी सांगितलं नाही.

यवतमाळ जिल्ह्याला फवारणीची गोष्ट हलक्यानं सांगता येत नाही. २०१७ च्या पावसाळ्यात कीटकनाशकं फवारताना विषबाधा होऊन जिल्ह्यात वीसहून जास्त शेतकरी आणि मजूर गेले, शेकडो जण यवतमाळच्या शासकीय रुग्णालयात पडून होते, कित्येकांची नजर काही दिवस गेली. त्या वर्षी पऱ्हाटी डोक्याएवढी वाढली होती, फवारा तोंडावर येत होता. आणि एकाच पंपात दोन-तीन कीटकनाशकं, वर टॉनिक, असं मिसळून मारण्याची रीत होती. शेवाळाच्या अर्कानं कुणी मेलं नाही. पण 'यात हे पण टाका, पीक उठते' या वाक्यानं पंपातलं मिश्रण घट्ट होत गेलं, हे नाकारता येत नाही. टॉनिक एकटं फवारायला मजुरी वेगळी लागते; म्हणून ते नेहमी विषाच्या सोबतीनं जातं.

तरी माणूस टॉनिक घेतो, आणि तो भोळा म्हणून घेत नाही. त्याचा हिशेब करून पाहा. एकरी दोन फवारण्यांचं टॉनिक वाढीव मजुरीसकट हजार रुपयांना पडलं असं धरू. २०२५-२६ चा लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये. म्हणजे हजार रुपये फिटायला जवळपास साडेबारा किलो कापूस जास्त यायला हवा. एकरी सहा क्विंटल पिकणाऱ्या वावरात ही वाढ दोन टक्के झाली. सत्तावन्न राहू द्या, दोन-तीन टक्क्यांतच भागतं. घ्यायला काय हरकत आहे?

हरकत एवढीच की दोन टक्के डोळ्यांना दिसत नाहीत. पानाचा काळोखी हिरवेपणा दिसतो, चार दिवसांत पीक 'उठलेलं' दिसतं. साडेबारा किलो दिसत नाहीत. आले तरी नाहीत आणि न आले तरी नाहीत. त्यामुळे चांगली बाटली आणि मळीच्या पाण्यात पोटॅश घातलेली बाटली यांत फरक ओळखायला शेतकऱ्यापाशी साधन नाही, आणि फरक कळत नाही तोवर चांगलं शेवाळ पिकवणाऱ्या त्या तामिळ बाईला जास्त भाव मिळायचंही कारण नाही. शेवटी दोघांचं नुकसान एकाच ठिकाणी होतं: बाटलीच्या आत काय आहे हे न कळण्यात. ६४० कोटींतले थोडे जरी विदर्भ-मराठवाड्यातल्या शेतांवर न फवारलेल्या आणि फवारलेल्या पट्ट्यांची वजनं घेण्यात गेले असते, अकोल्याच्या कृषी विद्यापीठाला कोरडवाहू कापसावर पाच-सात हंगाम हेच काम दिलं असतं, तर मंडपमच्या तराफ्यांना त्याचा आधार नव्या बांबूंपेक्षा जास्त झाला असता. कोकणात एखाद दिवशी शेवाळ पिकलंच तर त्यालाही.

विद्यापीठ येईल तेव्हा येईल. मारेगाव तालुक्यात सीतादहीची पूजा होऊन पहिली वेचणी सुरू होते तोवर त्या हंगामाचं टॉनिक पडून गेलेलं असतं. पुढच्या हंगामात करण्याजोगी गोष्ट फुकटची आहे. वावराच्या मधोमध, धुऱ्याला नव्हे, कारण धुऱ्याची झाडं तशीही वेगळी वाढतात, दहा तासं, म्हणजे ओळी, टॉनिकाविना ठेवायची. अळीचं औषध सगळीकडे सारखंच मारायचं. शेजारची दहा तासं खुणेला घ्यायची. वेचणीच्या वेळी या दोन्हींचा कापूस वेगळ्या गाठोड्यांत बांधायचा आणि प्रत्येक वेचणीला तोलून वहीत मांडायचा, अगदी शेवटच्या फरतडीपर्यंत. वेचणाऱ्या बायांना मजुरी किलोवर असते, त्यामुळे काटा वावरात असतोच. आणि गाठोडी कुठल्या तासाची हे त्यांच्याइतकं पक्कं दुसऱ्या कुणाच्या लक्षात राहत नाही. वही दोन-तीन वर्षांची झाली की ती घेऊन काउंटरवर जायचं.